दिवाळी, कानडीत

नोटीस कानडीत होती.
बेलिफ हुबळीकडचा, पोरसवदा,
दारातच उभं राहून वाचत गेला.
मधेच एक शब्द आला : दिवाळी.
आतून आई म्हणाली, अरे, अजून शिमगा व्हायचाय की.

कानडीत सणाला दीपावळी म्हणतात
आणि दिवाळी म्हणजे मी.

मराठी प्रत मागायचा आपला हक्क असतो, म्हणतात.
मागितली नाही.
एकदा ऐकलेलं पुरे होतं.

तसा अर्ज माझाच. कुणी ढकललं नव्हतं.
उद्यमबागेत तीन लेथ, एक मिलिंग, सहा माणसं,
पुण्याच्या पार्टीचे चार चेक, चारी परतलेले.
वकील मुचंडी म्हणाले, सही करा, सुटाल.
सही केली. सुटलो.
लेथ उचलताना क्रेनवाल्यानं विचारलं,
मालक, चहा हाय का?
होता. दिला.

सुटणं म्हणजे काय ते हळूहळू कळत गेलं.
फोन यायचे थांबले,
आधी वसुलीवाल्यांचे, मग सगळ्यांचेच.

खडेबाजारात मिक्सर घ्यायला गेलो.
सहा हप्ते, बिनव्याजी, पाटीच होती तशी.
काउंटरवरच्या पोरीनं पॅन नंबर घातला,
थोडं थांबली,
आणि स्क्रीन माझ्यापासून जराशी वळवली
रिपोर्ट बघताना डॉक्टर वळवतात तशी.
"अंकल, रोखीत घ्या की, शंभर कमी करते."
नाही घेतला.
घरात पाटा आहे, त्याला पॅन लागत नाही.

पत हा शब्द मला नवा नव्हता.
बाबा अनगोळच्या पतसंस्थेत शिपाई होते.
तिथं माणूस बाकावर बसून राही,
चेअरमन विचारीत, कुणाचा रे तू?
बापाचं नाव ऐकून शिक्का मारीत.
खालच्या गल्लीतल्यांना बाकच मिळत नसे
हेही मी पाहिलंय, दप्तर मांडीवर घेऊन.
आता कुणाचा तू, असं कुणी विचारत नाही.
आता आकडा. पाचशे बारा.
तो जात बघत नाही, तोंड बघत नाही,
आणि विसरत नाही.
दिवसा मला हे न्यायाचं वाटतं.

मेहुणा जामीन होता. कडोलीचा गुंडू अष्टेकर.
त्याचं दिवाळं निघालं नव्हतं,
कागदातून फक्त त्याची सही निघाली.
नव्या टेम्पोचं कर्ज नामंजूर झालं त्याचं, माझ्यापायी.
दुसऱ्या गेटाजवळ भेटला. गेट पडलेलं.
मालगाडी जाईपर्यंत दोघंही डबे मोजत उभे.
मग म्हणाला, "आता काय करूलास रे?"
मी म्हटलं, एकोणसाठ.
तो म्हणाला, अठ्ठावन्न.
वाद घातला नाही.
आकड्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.

यंदा बँकेतल्या बाईंनी एक वाट सांगितली :
दहा हजार आमच्याकडे ठेवा,
त्यावर आठ तुम्हाला उधार देऊ, कार्डावर.
म्हणजे माझेच पैसे,
माझ्यावर विश्वास ठेवायला बसवलेले.
हसू आलं. ठेवले.
दर महिन्याला दोनशेचं पेट्रोल घालतो
आणि तारखेच्या आत फेडतो,
तापातून उठलेल्याला पेज भरवावी तसं,
चमचा चमचा.

आठ महिने झाले. पाचशे सदतीस.
आकडा बघायला लेकीचा फोन मागतो,
तिला वाटतं, बाबा स्कोअर बघतात.
बरोबरच आहे तिचं.

काल आई वाती वळत होती.
म्हणाली, ते कानडी पोरगं परत आलं नाही रे?
नाही, म्हटलं.
आलं तर फराळाला थांबव.
इतक्या आधी सणाचं सांगायला आलेला बिचारा,
आपण साधं पाणीही विचारलं नाही.